अमेरिकेचा आरोग्य विमा : फाटलेली गोधडी कोणी शिवायची?

प्रश्न असा आहे : 1965 मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, विधेयकाला दोन्ही पक्षांची मते मिळाली होती, मग 2010 च्या आरोग्य विमा कायद्याला, म्हणजे ज्याला लोक ‘ओबामाकेअर’ म्हणतात त्या कायद्याला, रिपब्लिकन पक्षाचे एकही मत का मिळू नये? हा मतभेद धोरणाचा आहे की नुसत्या वैराचा? मी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात गेली बावीस वर्षे रुग्णालयाच्या अशा खिडकीवर काम करते आहे, जिथे रुग्णाचे नातेवाईक बिल हातात घेऊन येतात आणि ‘यातले आम्ही किती भरायचे’ असे विचारतात. त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या भाषणांपेक्षा त्या भाषणांतून निघालेले फॉर्म माझ्या जास्त परिचयाचे आहेत. मतभेद खरा आहे आणि वैरही खरे आहे. परंतु या दोन्हींमुळे झालेले सर्वांत मोठे नुकसान तिसरेच आहे. एकदा झालेला कायदा दुरुस्त करण्याची सोय उरलेली नाही. उत्तराचा बराचसा भाग मी त्यासाठीच राखून ठेवते.

अमेरिकेची आरोग्य व्यवस्था ही एक गोधडी आहे, आणि ती कोणी एकाने बसून शिवलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात 1942 च्या कायद्याने पगारवाढीवर निर्बंध आले, पण कंपनीने दिलेला विमा पगारात धरला गेला नाही, म्हणून माणसे टिकवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या. 1954 च्या करसंहितेने त्या विम्यावरची करमाफी पक्की केली आणि नोकरी व विमा यांची गाठ कायमची बसली. आजही पंधरा-सोळा कोटी लोकांचा विमा नोकरीतूनच येतो. वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड ही दोन ठिगळे 1965 मध्ये लागली, मुलांसाठीचे ठिगळ 1997 मध्ये. मधल्या फटीत जे राहिले, म्हणजे स्वतःचा छोटा धंदा करणारे, दोन-तीन अर्धवेळ नोकऱ्या करणारे, साठीला टेकलेले पण मेडिकेअरच्या पासष्टीपर्यंत न पोचलेले, त्यांच्यासाठी 2010 चा कायदा होता.

आता खरा मतभेद. त्या कायद्यापूर्वी वैयक्तिक विमा विकणारी कंपनी मधुमेह, दमा किंवा जुना कर्करोग असलेल्या माणसाला सरळ नकार देऊ शकत असे, आणि तशी नकाराची पत्रे मी ढिगाने पाहिली आहेत. नवा कायदा म्हणाला की, कोणालाही नकार देता येणार नाही आणि आजाराप्रमाणे हप्ता वाढवता येणार नाही. परंतु तहान लागल्यावर विहीर खणायला कोणीही येईल. मग विहिरीचा खर्च भागणार कसा? म्हणून दुसरी अट आली : तहान असो वा नसो, वर्गणी सर्वांनी द्यायची, नाहीतर दंड. आणि ज्यांना वर्गणी झेपत नाही त्यांना सरकारने अनुदान द्यायचे. शिवाय साठीच्या माणसाचा हप्ता तरुणाच्या हप्त्याच्या तिपटीहून अधिक ठेवता येणार नाही, असे बंधन आले. वय पाहता वृद्धाचा खर्च त्याहून बराच जास्त असतो, म्हणजेच फरकाचा भार धडधाकट तरुणाने उचलायचा.

रिपब्लिकन पक्षाचा मूळ आक्षेप इथेच आहे आणि तो पोकळ नाही. ज्याला अनुदान मिळत नाही अशा निरोगी, मध्यम उत्पन्नाच्या माणसाचा हप्ता 2013 ते 2017 या काळात अनेक राज्यांत दुपटीच्या आसपास गेला. ‘तुमचा सध्याचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तसाच राहील’ असे ओबामा वारंवार सांगत होते आणि 2013 च्या अखेरीस लाखो लोकांना त्यांचा विमा बंद होत असल्याची पत्रे आली. ती पत्रे घेऊन आलेली माणसे माझ्यासमोर बसलेली आहेत. त्यांचा संताप कोणत्याही वाहिनीने शिकवलेला नव्हता. दुसऱ्या बाजूला, ज्याला वीस वर्षांत प्रथमच विमा मिळाला, त्याचे डोळे भरून आलेलेही मी पाहिले आहेत. देशात विमा नसलेल्यांचे प्रमाण 2010 मध्ये सुमारे सोळा टक्के होते, ते 2023 मध्ये आठ टक्क्यांच्या जवळ आले. एकाच कायद्याने एका टेबलावर दोन्ही केले. वर्गणी सक्तीची असावी का, आणि किती, यावर दोन सुजाण माणसांचे एकमत होणार नाही, हे मी समजू शकते.

पण मतभेद केवळ एवढाच असता तर दोन्ही पक्षांच्या भूमिका निदान स्थिर राहिल्या असत्या. तशा त्या राहिल्या नाहीत. सर्वांना विमा सक्तीचा करावा ही कल्पना 1989 मध्ये हेरिटेज फाउंडेशन या पुराणमतवादी संस्थेने मांडली होती. 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेला पर्याय म्हणून जॉन चेफी आणि इतर रिपब्लिकन सिनेटरांनी आणलेल्या विधेयकात ती होती. 2006 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती आपल्या राज्यात लागू केली आणि स्वाक्षरीच्या समारंभात डेमोक्रॅट पक्षाचे सिनेटर टेड केनेडी त्यांच्याबरोबर होते. उलट 2008 मध्ये पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक लढतीत बराक ओबामा स्वतःच हिलरी क्लिंटन यांच्या सक्तीच्या विम्याला विरोध करत होते. दोन वर्षांत ओबामा सक्तीच्या बाजूला आले आणि तीच सक्ती रिपब्लिकन पक्षाला राज्यघटनेवरचा घाला वाटू लागली. कल्पना तीच, तिच्यावर कोणाचे नाव चिकटले आहे एवढेच बदलले.

1965 मध्ये नावाला एवढे वजन का नव्हते? तेव्हा पक्ष आतून मिश्र होते. डेमोक्रॅट पक्षात दक्षिणेकडचे कट्टर पुराणमतवादी होते आणि रिपब्लिकन पक्षात न्यू यॉर्ककडचे उदारमतवादी होते. मेडिकेअरच्या अंतिम विधेयकावर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहात 307 विरुद्ध 116 मते पडली आणि बाजूने मत देणाऱ्यांत 70 रिपब्लिकन होते. वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, 70 विरुद्ध 24 झाले, त्यात 13 रिपब्लिकन. म्हणजे रिपब्लिकन पक्ष जवळपास अर्धा-अर्धा फुटला होता, आणि तसे फुटणे त्या काळी लाजिरवाणे नव्हते. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे पुराणमतवादी हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले, ईशान्येतले उदारमतवादी डेमोक्रॅट झाले, आणि तीस-चाळीस वर्षांत निवड-टिपण पूर्ण होऊन तांदूळ एका सुपात व गहू दुसऱ्या सुपात गेले. आता पक्ष म्हणजे धर्म, वस्ती, शिक्षण, बंदूक, सगळेच एका गाठोड्यात बांधलेले असते. 1960 मध्ये ‘तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर वाईट वाटेल का’ असे विचारल्यावर दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास लोक हो म्हणाले होते. 2010 मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एकतृतीयांश लोक हो म्हणाले. आपल्याकडे स्थळ पाहताना जे प्रश्न आडून-आडून विचारले जातात, त्यांत इकडे पक्षाची भर पडली आहे, असे समजावे.

या वातावरणात 2009 चा उन्हाळा आला. सिनेटच्या अर्थ समितीत तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन सदस्य महिनोन्‌महिने एकत्र बसून मसुदा जुळवत होते. ऑगस्टमध्ये रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी ‘डेथ पॅनेल’ हा शब्द सोडला, म्हणजे कोणी जगायचे हे सरकारी मंडळ ठरवणार. विधेयकात तसे काही नव्हते. शेवटच्या आजारपणातील इच्छांविषयी डॉक्टरशी बोलण्याचे शुल्क मेडिकेअरने द्यावे, एवढीच तरतूद होती. ती तरतूद गळाली आणि शब्द मात्र आजतागायत राहिला. मेन राज्याच्या रिपब्लिकन सिनेटर ऑलिंपिया स्नो यांनी समितीत बाजूने मत दिले, पण सभागृहात त्याही विरोधात गेल्या. 24 डिसेंबर 2009 रोजी सकाळी सिनेटने 60 विरुद्ध 39 मतांनी विधेयक मंजूर केले.

पुढचा तपशील बातम्यांत सहसा येत नाही, पण माझ्या कामाच्या दृष्टीने सगळे पुढे तिथूनच बिघडले. एरवी सिनेटचा मसुदा आणि प्रतिनिधिगृहाचा मसुदा एकत्र आणून, त्यातल्या चुका काढून, साफ प्रत तयार होते. 19 जानेवारी 2010 रोजी केनेडींच्या रिकाम्या जागी रिपब्लिकन स्कॉट ब्राउन निवडून आले आणि डेमोक्रॅट पक्षाची साठ मते एकोणसाठ झाली. सिनेटमध्ये चर्चा रोखून धरण्याचा डाव मोडायला साठ मते लागतात. आता नवा मसुदा सिनेटमध्ये नेणे शक्य नव्हते, म्हणून 21 मार्च रोजी प्रतिनिधिगृहाने सिनेटचा कच्चा मसुदाच जसाच्या तसा 219 विरुद्ध 212 मतांनी स्वीकारला. पैशांशी संबंधित काही दुरुस्त्या वेगळ्या, साध्या बहुमताच्या विधेयकातून झाल्या, बाकीचे तसेच राहिले. पक्के टाके पडायच्या आधीच गोधडी अंथरली गेली. एके ठिकाणी अनुदान ‘राज्याने स्थापन केलेल्या’ विमा बाजारातून (म्हणजे वैयक्तिक विमा विकत घेण्याच्या सरकारी संकेतस्थळावरून) घेतलेल्या विम्याला मिळेल, असे शब्द राहून गेले होते, आणि तीसहून अधिक राज्ये तर केंद्राच्या संकेतस्थळावर अवलंबून होती. साध्या काळात ही चूक एका ओळीच्या दुरुस्तीने संपली असती. ती 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि 6 विरुद्ध 3 अशा निकालाने लाखो लोकांचे अनुदान वाचले.

जुन्या कायद्यांचे असे झाले नव्हते. मेडिकेअरमध्ये 1972 साली रिपब्लिकन निक्सन यांच्या स्वाक्षरीने अपंग आणि मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण आले. आमच्याकडे डायलिसिसला येणारा पन्नाशीतला माणूस आजही त्याच दुरुस्तीवर जगतो. 1988 मध्ये वृद्धांसाठी मोठ्या आजारपणाचे संरक्षण आले, त्याचा जादा भार पाहून वृद्धच खवळले, शिकागोत त्यांनी डॅन रॉस्टेनकाउस्की या बड्या काँग्रेस सदस्याची गाडी अडवली, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही पक्षांनी मिळून तो कायदा मागे घेतला. चुकले, मोडले, पुन्हा शिवले.

आता 2010 च्या कायद्यातले एक भोक जवळून पाहा. समजा, नवऱ्याची कंपनी त्याच्या एकट्याच्या विम्यासाठी महिन्याला 120 डॉलर कापते, पण बायको आणि दोन मुलांना जोडायचे तर 1,100 डॉलर मागते. कायद्याचा लावला गेलेला अर्थ असा की, त्याचा एकट्याचा हप्ता परवडणारा आहे ना, मग सगळ्या कुटुंबाला परवडणारा विमा उपलब्ध आहे. म्हणून बायको-मुलांना अनुदान नाही. हे मी किती कुटुंबांना समजावून सांगितले असेल, त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला वाटत असे की बाईंना हिशेब येत नाही. ही चूक सगळ्यांना ठाऊक होती, तरी 2014 ते 2022 पर्यंत तशीच राहिली, आणि शेवटी बायडेन प्रशासनाने काँग्रेसला वगळून नियमातून ती बुजवली. दुसरे भोक याहून मोठे आहे. कायद्याने गृहीत धरले होते की अत्यंत गरिबांना मेडिकेड मिळेल, म्हणून अनुदान दारिद्र्यरेषेच्या वरच सुरू होते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड हा कर म्हणून वैध ठरवला, पण मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी धरून दहा राज्यांनी तो अजून केलेला नाही. परिणामी त्यांपैकी बहुतेक राज्यांत गरीब माणूस थोडे जास्त कमावत असेल तर त्याला मदत मिळते आणि कमी कमावत असेल तर काहीच मिळत नाही. हे कोणाचेच धोरण नाही. दोन्हींपैकी एकाही पक्षाने असे व्हावे म्हणून मत दिलेले नाही.

आमच्या शहराभोवती तीन राज्यांच्या सीमा मिळतात, त्यामुळे नावाचा खेळ मला दररोज दिसतो. ओहायोत रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक यांनी विधिमंडळाला वळसा घालून ऑक्टोबर 2013 मध्ये मेडिकेड वाढवले; गरिबांसाठी काय केलेस असे स्वर्गाच्या दारात विचारले जाईल, अशा अर्थाचे ते बोलत. इंडियानात रिपब्लिकन गव्हर्नर माइक पेन्स यांनी 2015 मध्ये तेच केले, पण लोकांकडून दरमहा थोडी रक्कम घेऊन आणि योजनेला राज्याचे नाव देऊन. नदीपलीकडे केंटकीत डेमोक्रॅट स्टीव्ह बेशियर यांनी तेच ‘काइनेक्ट’ या नावाने आणले, आणि ओबामांचे नाव कुठेही दिसणार नाही याची काळजी घेतली. 2014 मध्ये केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल कायदा मुळासकट उपटायचा म्हणत होते आणि काइनेक्टचे संकेतस्थळ राहिले तर राहू द्या, असेही म्हणत होते. त्या हिवाळ्यात छपरांची कामे करणारे एक गृहस्थ पत्नीच्या पायाच्या जखमेसाठी आले. ओबामाचे काही नको, असे त्यांनी खुर्चीवर बसण्यापूर्वीच बजावले आणि मासेमारीच्या परवान्यामागून काइनेक्टचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. मी कार्ड घेतले, नंबर टाकला, क्लेम गेला. त्यांना समजावण्याचा मोह झाला नाही असे नाही. पण जखम चिघळलेली होती.

2017 मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे आली, आणि सात वर्षे ‘रद्द करू’ म्हणणाऱ्या पक्षाला प्रथमच खरोखर रद्द करण्याची पाळी आली. तेव्हा कळले की दिलेले काढून घेणे हे न देण्याहून अवघड असते. 28 जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला, त्यांच्याच पक्षाच्या सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की आधीच विरोधात होत्या, आणि 49 विरुद्ध 51 मतांनी प्रयत्न फसला. कायदा जाणार असे वाटू लागल्यावरच तो लोकांना आवडू लागला, हे त्या वर्षीच्या जनमत चाचण्यांत स्पष्ट दिसले. वर्षअखेरीच्या करविधेयकात सक्तीचा दंड शून्यावर आणला गेला, आणि ज्यावर सारे रान पेटले होते ते कलम गेल्यानंतरही बाजार कोसळला नाही. अनुदानाने तो तारला. आम्हा जाणकारांपैकी अनेकांचा अंदाज इथे चुकला होता, माझाही.

सध्याचे भांडण त्या अनुदानाचे आहे. 2021 मध्ये डेमोक्रॅट पक्षाने ते वाढवले आणि उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त हप्ता कोणालाही पडू नये, असे ठरवले. वर्षाला 85,000 डॉलर कमावणाऱ्या साठीच्या जोडप्याला त्यामुळे महिन्याला साधारण 600 डॉलर पडत. ही वाढ 2025 च्या शेवटी संपली आणि ज्या उत्पन्नापुढे अनुदान मिळत नाही ती जुनी मर्यादा परतली, ती दोन माणसांसाठी 84,600 डॉलर. चारशे डॉलर जास्त कमावल्यामुळे त्या जोडप्याचे सर्व अनुदान गेले आणि अनेक भागांत वर्षाचा हप्ता वीस हजार डॉलरच्या पुढे गेला. या मुद्द्यावर खर्चाची मंजुरी अडल्याने केंद्र सरकारचे कामकाज 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 असे 43 दिवस बंद राहिले. गंमत म्हणावी तर, 2025 मध्ये या बाजारातून विमा घेणाऱ्या सुमारे 2.4 कोटी लोकांत फ्लोरिडाचे 40 लाखांहून अधिक होते आणि त्याखालोखाल टेक्सासचे, म्हणजे ज्या राज्यांनी या कायद्याला सर्वांत कडवा विरोध केला तिथलेच.

दुसरीकडे 4 जुलै 2025 च्या कायद्याने मेडिकेडवरच्या धडधाकट प्रौढांना महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवण्याची अट घातली आहे. तत्त्व म्हणून ही अट अनेकांना रास्त वाटते. खिडकीवर मात्र तत्त्व येत नाही, कागद येतो. आर्कान्सामध्ये 2018 साली अशीच अट लावली होती. कामाचे तास संकेतस्थळावर भरायचे आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे. न्यायालयाने थांबवण्यापूर्वी काही महिन्यांत 18,000 हून अधिक लोकांचे मेडिकेड गेले, आणि त्यांतले कित्येक काम करत होते; तास भरणे तेवढे जमले नव्हते.

आपल्या लोकांपैकी जे एच-वन-बी व्हिसावर कंपनीचा विमा घेऊन राहतात, त्यांना हे सगळे नोकरी जाईपर्यंत परके वाटते. पण आई-वडिलांना ग्रीन कार्डवर बोलावणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे : इथे काम न केलेल्या पासष्टीपुढच्या पालकांना पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही. मधल्या वर्षांत त्यांना आजारपण न विचारता विमा देणारा बाजार आहे तो 2010 च्या कायद्यामुळेच, मग घरात मत कोणालाही पडो.

यापुढे काय होईल, असे विचारणाऱ्यांना मी तारखा पाहायला सांगते. 2010 च्या कायद्याचा मुख्य भाग लागू झाला 2014 मध्ये, म्हणजे ओबामांची दुसरी निवडणूक उरकल्यावर. वाढीव अनुदानाला डेमोक्रॅट पक्षाने 2022 मध्ये मुदत दिली ती 2025 च्या अखेरची, म्हणजे 2024 च्या मतदानानंतरची. रिपब्लिकन पक्षाची कामाची अट राज्यांना लागू करायची आहे ती 1 जानेवारी 2027 पर्यंत, आणि काँग्रेसची मध्यावधी निवडणूक आहे नोव्हेंबर 2026 मध्ये. राज्ये रुग्णालयांवर जो कर लावून मेडिकेडचा आपला वाटा उभा करतात, त्याची कपात तर 2028 च्या अर्थवर्षापासून सुरू व्हायची आहे. आमच्या रुग्णालयाने त्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडायला आत्ताच घेतले आहे.